होम स्क्रीनवरचं वेब ॲप बिघडलं तर शोध कुठून सुरू करायचा

पहाटे पावणेसहाला फोन आला. आमच्या गावाकडच्या दूध संकलन केंद्रावर मी केलेलं एक छोटं वेब ॲप चालतं. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकलं की दर निघतो आणि पावती शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाते. आदल्या रात्री दरपत्रक बदललं होतं. "दादा, दर जुनाच निघतोय आणि बाहेर रांग लागलीय," केंद्रचालक म्हणाले. मी लॅपटॉपवर उघडून पाहिलं तर नवा दर. माझ्या फोनवर क्रोममध्येही नवाच. त्यांच्या फोनवर मात्र होम स्क्रीनवरच्या आयकॉनला बोट लावलं की जुना. त्या सकाळच्या सगळ्या पावत्या आम्ही दोघांनी दुपारपर्यंत बसून हाताने दुरुस्त केल्या.

कारण सापडायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. तुम्हाला वेबसाइट करता येते, मॅनिफेस्ट (ॲपचं नाव आणि आयकॉन सांगणारी फाइल) आणि सर्व्हिस वर्कर (पान आणि नेटवर्क यांच्या मधे बसणारी स्क्रिप्ट) जोडून झालाय, ‘होम स्क्रीनवर टाका’ असं लोकांना सांगूनही झालंय आणि आता तक्रारी येऊ लागल्यात, असं धरून मी लिहितोय.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका सवयीभोवती फिरतात. टॅबमध्ये उघडणारं ॲप आणि आयकॉनवरून उघडणारं ॲप एकच आहे असं धरून चालू नका. कोडमधली चूक शोधण्याआधी दोन प्रश्न विचारा: या फोनवर आत्ता कोणती आवृत्ती चालू आहे? आणि ती कुठल्या साठ्यातला डेटा वाचतेय?

लागणारं सामान

- डेटा वाहून नेणारी केबल. बऱ्याच स्वस्त केबलींतून फक्त चार्जिंग होतं. फोन चार्ज होतोय पण लॅपटॉपला दिसत नाही, असं झालं तर पहिला संशय केबलवर घ्या.
- एक कमी रॅमचा अँड्रॉइड फोन, तुमच्या वापरकर्त्यांच्या हातात असतो तसा.
- लॅपटॉपवर अद्ययावत क्रोम.
- आयफोन वापरणारे असतील तर एक आयफोन आणि मॅक. मॅक स्वतःचा नसला तरी अर्ध्या दिवसासाठी मिळेल अशी सोय करून ठेवा.
- एचटीटीपीएस असलेला चाचणीचा पत्ता.
- तक्रार करणाऱ्याकडून पाच गोष्टी: फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आयकॉन कोणत्या ब्राउझरमधून टाकला, साधारण कधी टाकला आणि पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कापून पाठवू नका असं आवर्जून सांगा, वरची पट्टी बरंच काही सांगते.

१. हा आयकॉन नेमका कसला आहे ते ओळखा

अँड्रॉइडवर दिसायला सारखे असणारे आयकॉन आतून वेगळे असू शकतात. मॅनिफेस्ट नीट असेल तर क्रोम त्या साइटचं ‘वेबएपीके’ बनवतं. ते खरंखुरं अँड्रॉइड पॅकेज असतं. ॲप ड्रॉवरमध्ये दिसतं, फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतही दिसतं. मॅनिफेस्टमध्ये काही कमी असलं की बनतो तो नुसता शॉर्टकट. शॉर्टकटच्या कोपऱ्यात सहसा क्रोमचं बारीक चिन्ह दिसतं आणि तो उघडला की वर पत्त्याची पट्टी येते. "ॲपमध्ये वर वेबसाइटचं नाव दिसतंय" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच तपासतो. आयकॉन सॅमसंग इंटरनेट किंवा फायरफॉक्समधून टाकला असेल तर त्याचा साठा त्या ब्राउझरचा असतो, क्रोममध्ये शोधून काही सापडत नाही.

आयफोनवर गोष्ट निराळी आहे. तिथे होम स्क्रीनवरच्या प्रत्येक वेब ॲपला स्वतःची स्वतंत्र पेटी मिळते: कुकी वेगळ्या, लोकल स्टोरेज वेगळं, कॅश (साठवून ठेवलेल्या फाइली) वेगळी. सफारीत तुम्ही लॉगिन असाल तरी आयकॉनवरून उघडलेल्या ॲपला ते ठाऊक नसतं. आयओएस १६.४ पर्यंत, म्हणजे मार्च २०२३ पर्यंत, हे आयकॉन फक्त सफारीतून टाकता येत. त्यानंतर आयफोनवरच्या क्रोमसारख्या इतर ब्राउझरांतूनही टाकता येऊ लागले.

ॲप स्वतंत्र खिडकीत चालू आहे की नाही हे कोडला विचारता येतं. ‘डिस्प्ले-मोड’ या मीडिया क्वेरीत ‘स्टँडअलोन’ तपासा, आयफोनसाठी जोडीला ‘नेव्हिगेटर.स्टँडअलोन’ बघा. हे उत्तर ॲपच्या ‘माहिती’ पानावर छापा. वापरकर्त्याला "आयकॉनवरून उघडलंत का?" असं विचारलं की उत्तर बहुतेक "हो" असंच येतं, मग तो व्हॉट्सॲपमधल्या लिंकवरून का आलेला असेना.

२. अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडा

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. शाओमीच्या फोनवर त्याऐवजी सिस्टिमच्या आवृत्तीवर, जुन्या फोनांत ‘एमआययूआय व्हर्जन’वर, टॅप करावं लागतं. मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करा, केबल जोडा आणि फोनच्या पडद्यावर परवानगी विचारणारी चौकट येईल तिला होकार द्या. ही चौकट पडदा बंद असताना दिसत नाही. यादीत फोन ‘परवानगीच्या प्रतीक्षेत’ अडकला असेल तर फोन उघडून बघा. विंडोजवर काही कंपन्यांच्या फोनांसाठी वेगळा यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागतो.

आता लॅपटॉपच्या क्रोममध्ये ‘इन्स्पेक्ट’ हे अंतर्गत पान उघडा. पत्त्यात ‘क्रोम’, मग अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा, मग ‘इन्स्पेक्ट’, सगळं इंग्रजी अक्षरांत. तिथे फोनवर उघडलेल्या पानांची यादी येते. इथला सापळा असा की टॅब आणि आयकॉनवरून उघडलेलं ॲप एकाच यादीत, एकाच शीर्षकाने दिसतात. मी एकदा तासभर चुकीच्या ओळीला जोडून बसलो होतो. म्हणून आधी फोनवरचे त्या साइटचे सगळे टॅब बंद करा, मगच ॲप उघडा. तरीही शंका असेल तर कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दिसतात आणि आज्ञा देता येतात त्या चौकटीत, ‘डिस्प्ले-मोड’ विचारून खात्री करा.

तपासणीची खिडकी कोरी आली तर लॅपटॉपचं इंटरनेट चालू आहे का ते बघा आणि क्रोम अद्ययावत करा. तुमची आणि फोनची आवृत्ती फार वेगळी असेल तरीही असं होतं.

आणखी एक सापळा जवळपास प्रत्येकाला लागतो. लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करून फोनवर १९२.१६८ ने सुरू होणारा घरच्या वायफायचा पत्ता टाकला जातो. पान उघडतं, पण सर्व्हिस वर्कर नोंदवला जात नाही, कारण तो फक्त एचटीटीपीएसवर किंवा ‘लोकलहोस्ट’वर चालतो. स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र लावून, इशारा ओलांडून पान उघडलं तरी वर्कर अडतोच. उपाय ‘इन्स्पेक्ट’ पानावरच आहे. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये लॅपटॉपचा पोर्ट जोडला की फोनवर ‘लोकलहोस्ट’ टाकून तेच पान उघडता येतं आणि वर्करही चालतो. वर्करच्या चाचणीला एवढं पुरतं. होम स्क्रीनवर टाकण्याची चाचणी मात्र खऱ्या एचटीटीपीएस पत्त्यावरच करा.

३. आयफोन जोडा

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये सफारी, मग ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘वेब इन्स्पेक्टर’ सुरू करा. आयओएस १८ पासून सफारीची सेटिंग्ज ‘ॲप्स’ या विभागाखाली गेली आहेत, तिथे शोधा. मॅकवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली वेब डेव्हलपरसाठीच्या सोयी दाखवण्याचा पर्याय आहे, तो लावला की मेनूत ‘डेव्हलप’ येतं. केबल जोडून आयफोनवर ‘ट्रस्ट’ म्हणा. ‘डेव्हलप’ मेनूत फोनचं नाव दिसेल आणि त्याखाली तुमचं वेब ॲप. फोन अनलॉक असायला हवा आणि ॲप पडद्यावर समोर उघडं हवं.

सर्वांत अवघड तक्रार इथेच येते: "आयकॉन दाबला की पांढरा पडदा." तुम्ही ॲप उघडून इन्स्पेक्टर जोडेपर्यंत बिघाड होऊन गेलेला असतो आणि कन्सोल रिकामा दिसतो. इन्स्पेक्टर जोडल्यावर तिथूनच रीलोड करून बघा, कधीकधी चूक पुन्हा घडते. पण रीलोड म्हणजे ताजी सुरुवात नव्हे, त्यामुळे ती न घडण्याचीही शक्यता असते. म्हणून मी आता प्रत्येक प्रकल्पात एचटीएमएलच्या अगदी सुरुवातीला, बाकी सगळ्या स्क्रिप्टच्या आधी, दहाएक ओळींची एक स्क्रिप्ट थेट पानातच लिहितो. ती ‘एरर’ आणि ‘अनहँडल्ड रिजेक्शन’ या दोन्ही घटना पकडते आणि ॲप पाच सेकंदांत उभं राहिलं नाही तर चुकीचा मजकूर पडद्यावर छापते. पांढऱ्या पडद्याऐवजी वापरकर्त्याचा स्क्रीनशॉट मजकुरासकट येऊ लागला, तेव्हा माझे कित्येक तास वाचले.

मॅक अजिबातच नसेल तर ‘एरुडा’ किंवा ‘व्हीकन्सोल’ वापरा. या लायब्ररी पानाच्या आतच छोटा कन्सोल उघडतात. ‘माहिती’ पानावरच्या आवृत्तीच्या क्रमांकावर पाच वेळा टॅप केलं तरच ती लायब्ररी लोड व्हावी अशी सोय ठेवा, सगळ्यांसाठी कायम चालू ठेवू नका. या कन्सोलला सर्व्हिस वर्करच्या आतलं काही दिसत नाही, एवढी त्याची मर्यादा लक्षात असू द्या.

जुन्या आयफोनांबद्दल थोडं. सर्व्हिस वर्कर आणि मॅनिफेस्ट तिथे आयओएस ११.३ पासून, म्हणजे मार्च २०१८ पासून आले. १२.२ च्या आधी ॲप मागे टाकून परत आलं की ते दरवेळी पहिल्यापासून सुरू व्हायचं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयओएस १७.४ च्या चाचणी आवृत्त्यांत युरोपीय महासंघातल्या फोनांवर ही ॲप साध्या बुकमार्कसारखी ब्राउझरात उघडू लागली होती. १ मार्चला ॲपलने तो निर्णय मागे घेतला. "काल चालत होतं, आज टॅबमध्ये उघडतंय" असं कुणी म्हणालं तर फोनवर सिस्टिमची चाचणी आवृत्ती टाकली आहे का, हेही विचारा.

४. कोणती आवृत्ती चालू आहे ते सिद्ध करा

ही पायरी सावकाश वाचा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

ॲपमध्ये दोन आवृत्त्या छापा: पानाची आणि सर्व्हिस वर्करची. वर्करला संदेश पाठवून त्याच्याकडूनच त्याचा क्रमांक मागवा, पानात लिहून ठेवलेला दाखवू नका. दोन्ही क्रमांक जुळत नसतील तर उत्तर जवळजवळ हाती आलंच.

वर्कर कसा बदलतो ते नीट समजून घ्या. पान उघडलं की ब्राउझर वर्करची फाइल सर्व्हरवरून आणून जुन्या फाइलशी बाइट न् बाइट ताडून बघतो. फरक सापडला तरच नवा वर्कर ‘इन्स्टॉल’ होतो, आणि मग थांबून राहतो. जुन्या वर्करच्या ताब्यातलं शेवटचं पान बंद होईपर्यंत नवा कामाला लागत नाही. पान नुसतं रीलोड करून हे होत नाही. म्हणून नवी आवृत्ती चढवल्यावर पहिल्यांदा ॲप उघडलं की जुनंच दिसतं आणि ते पूर्ण बंद करून दुसऱ्यांदा उघडलं की नवं. टॅब लोक बंद करतात. होम स्क्रीनवरचं ॲप कुणी बंद करत नाही, होम बटण दाबून मागे टाकतात आणि चार तासांनी तिथेच परत येतात. परत येताना पान नव्याने उघडत नाही, म्हणून ताडून बघणंही होत नाही.

आता आमच्या दूध केंद्राचं काय झालं ते सांगतो. दरपत्रकाची जेसन फाइल मी ‘आधी कॅश’ या पद्धतीने दिली होती. सर्व्हरवर ती फाइल बदलली, पण वर्करच्या फाइलमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं. ब्राउझरच्या दृष्टीने नवीन काही आलंच नाही, त्यामुळे केंद्रचालकांना कॅशमधलं जुनं दरपत्रकच मिळत राहिलं. मग मला नवा दर का दिसत होता? लॅपटॉपवर डेव्हटूल्सच्या, म्हणजे क्रोममधल्या तपासणीच्या साधनांच्या, ‘ॲप्लिकेशन’ विभागात ‘बायपास फॉर नेटवर्क’ला टिक होती, म्हणजे वर्कर मधे येतच नव्हता. फोनवर मी काम करताना आदल्या रात्रीच साइटचा डेटा पुसला होता. वापरकर्त्याची परिस्थिती मी दोन्हीकडे पाहतच नव्हतो. तपासाला बसण्याआधी ‘बायपास फॉर नेटवर्क’, ‘अपडेट ऑन रीलोड’ आणि ‘डिसेबल कॅश’ या तिन्ही टिका काढा.

दुरुस्तीत मी तीन बदल केले. दरपत्रक आता आधी नेटवर्कवरून येतं, तीन सेकंदांत आलं नाही तरच कॅशमधून. दरपत्रकाची तारीख पडद्यावर ठळक दिसते आणि पावतीवरही छापली जाते. आणि ॲप मागून पुढे आलं की, म्हणजे ‘व्हिजिबिलिटी-चेंज’ घडलं की, वर्करच्या नोंदणीवर ‘अपडेट’ बोलावलं जातं.

थांबलेल्या वर्करला ‘स्किप-वेटिंग’ म्हणून लगेच पुढे ढकलण्याचा मोह होईल. जपून. पान जुनं आणि वर्कर नवा अशी खिचडी झाली की जुन्या पानाला हवे असलेले कोडचे तुकडे नव्या वर्करने कॅशमधून पुसलेले असतात. सर्व्हरवरही ते नसतात, कारण नव्या बिल्डमध्ये फाइलींची नावं बदललेली असतात. शिवाय अनेक सर्व्हर न सापडलेल्या पत्त्याला मुख्य एचटीएमएल पानच पाठवतात. मग कन्सोलमध्ये ‘अनपेक्षित <’ अशा अर्थाची चूक येते आणि आपण जावास्क्रिप्टमध्ये कंस शोधत बसतो. ही चूक दिसली की नेटवर्क विभागात त्या फाइलच्या जागी एचटीएमएल आलंय का ते आधी बघा. मी वापरकर्त्याला ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवतो. त्याने बटण दाबलं की ‘स्किप-वेटिंग’ आणि मग एकदाच रीलोड. अर्धवट भरलेली नोंद पडद्यावर असताना आपणहून रीलोड कधीच करू नका.

आणखी दोन गोष्टी. ‘कॅश ॲड-ऑल’च्या, म्हणजे इन्स्टॉल होताना साठवायच्या फाइलींच्या, यादीतली एक फाइल जरी ४०४ (सापडली नाही) आली तरी अख्खा वर्कर इन्स्टॉल होत नाही, आणि जुना वर्कर मुकाट्याने चालू राहतो. फॉन्टची एखादी हलवलेली फाइलसुद्धा यासाठी पुरते. आणि कॅशमध्ये ठेवण्याआधी उत्तर ‘ओके’ आहे का ते तपासा, नाहीतर सर्व्हरचं ५०० चं, म्हणजे बिघाडाचं, पान जपून ठेवलं जाईल आणि दिवसचे दिवस तेच दिसत राहील.

५. साठा कुठला ते बघा

"लिंकवर टॅप करून लॉगिन केलं, पण ॲपमध्ये पुन्हा लॉगिन मागतंय." आयफोनवाल्यांची ही नेहमीची तक्रार. एसएमएस किंवा ईमेलमधली लिंक सफारीत उघडते, लॉगिन सफारीच्या पेटीत होतं आणि होम स्क्रीनवरच्या ॲपची पेटी रिकामीच राहते. कोडमध्ये चूक शोधून उपयोग नाही, रचना बदला: लिंकऐवजी ॲपमध्ये टाइप करायचा ओटीपी द्या. अँड्रॉइडवर वेबएपीकेचा साठा क्रोमचाच असतो, त्यामुळे तुमच्या अँड्रॉइड फोनवर हा दोष कधीच दिसणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. "आयकॉन काढून पुन्हा टाका" हे कुणालाही पटकन सांगू नका. आयफोनवर आयकॉन काढला की त्याची पेटीही जाते. सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी आत असतील तर त्या कायमच्या गेल्या. आमच्या केंद्रावर सकाळी नेटवर्क नसतं तेव्हा तास-दोन तासांच्या नोंदी फोनमध्येच असतात. एका कुटुंबाच्या आठवड्याच्या हिशेबातलं ते दूध आहे. आधी ‘न पाठवलेल्या नोंदी: ०’ असं पडद्यावर दिसतंय याची खात्री करून घ्या. हा आकडा दाखवण्याची सोय ॲपमध्ये नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी करा.

अँड्रॉइडवर याच्या नेमकं उलट. आयकॉन काढला तरी क्रोममधला साइटचा डेटा आणि वर्कर तसेच राहतात, म्हणून पुन्हा टाकूनही दोष तिथेच. डेटा खरंच पुसायचा असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून पुसा, पण न पाठवलेल्या नोंदींची खात्री इथेही आधी हवी.

सफारीत सात दिवस वापर न झालेल्या साइटचा स्क्रिप्टने लिहिलेला साठा पुसला जातो. २०२० मध्ये हा नियम आला. होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला तो तसा लागू होत नाही. म्हणजे टॅबमध्येच ॲप वापरणाऱ्याचा डेटा सुट्टीनंतर नाहीसा होईल आणि आयकॉनवाल्याचा टिकेल. दोघांच्या तक्रारी एकत्र मिसळू नका.

६. मॅनिफेस्टच्या कुरबुरी

नाव किंवा आयकॉन बदलूनही फोनवर जुनाच दिसतोय? अँड्रॉइडवर क्रोम मॅनिफेस्ट अधूनमधून तपासतं, पण वेबएपीके नव्याने बनवण्यासाठी फोन चार्जिंगला आणि वायफायवर असण्याची वाट बघतं. फोनवरच्या क्रोममध्ये ‘वेबएपीकेज’ हे अंतर्गत पान उघडा. तिथे तुमच्या ॲपची नोंद आणि अपडेटची स्थिती दिसते. आयफोनवर टाकतानाचं नाव आणि आयकॉन तसेच राहतात.

चाचणीचा पत्ता लॉगिनमागे असेल तर मॅनिफेस्ट ४०१ (परवानगी नाही) देतं, कारण ब्राउझर ती फाइल आणताना कुकी पाठवत नाही. लिंकच्या टॅगमध्ये ‘क्रॉसओरिजिन’ला ‘यूज-क्रेडेन्शियल्स’ द्या. वर्करची फाइल ‘जेएस’ फोल्डरमध्ये ठेवली असेल तर तिचा ताबाही त्या फोल्डरपुरताच राहतो, ती साइटच्या मूळ फोल्डरात हलवा. आणि होम स्क्रीनवर टाकण्याचा पर्यायच दिसत नसेल आणि इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये पान उघडलेलं असेल तर आधी ते खऱ्या ब्राउझरात उघडायला सांगा.

७. डीबगर जोडला की नाहीसा होणारा दोष

सर्व्हिस वर्कर सतत जागा नसतो. काम नसेल तर क्रोम त्याला साधारण अर्ध्या मिनिटात थांबवतं आणि गरज पडली की पहिल्यापासून सुरू करतं. वर्करमध्ये ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काही जपून ठेवलं असेल, एखादं टोकन किंवा पाठवायच्या नोंदींची रांग, तर ते दरवेळी पुसलं जातं. डेव्हटूल्स जोडलेले असताना मात्र क्रोम वर्करला थांबवत नाही. म्हणून तुमच्यासमोर सगळं सुरळीत आणि केबल काढली की नोंदी गहाळ.

असा संशय आला की वर्करच्या माहितीतलं ‘स्टॉप’ बटण दाबून त्याला मुद्दाम थांबवा आणि मग ॲप वापरा. टिकवायचं ते सगळं ‘इंडेक्स्ड-डीबी’मध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये, ठेवा. सफारीत ‘बॅकग्राउंड सिंक’ (नेटवर्क आलं की मागच्या मागे नोंदी पाठवण्याची सोय) नाही हेही लक्षात घ्या. आयफोनवर न पाठवलेल्या नोंदी ॲप पुन्हा समोर आल्यावरच पाठवाव्या लागतात.

८. फोन दुसऱ्या गावात असेल तेव्हा

केबल फक्त तुमच्या टेबलावरच्या फोनला लागते. बाकीच्यांसाठी ॲपने स्वतःची रोजनिशी ठेवायला हवी. मी शेवटच्या तीनशे घटना ‘इंडेक्स्ड-डीबी’त ठेवतो: ॲप कधी उघडलं, स्टँडअलोन होतं का, पानाची आणि वर्करची आवृत्ती, नेटवर्क होतं का, कोणती विनंती कोणत्या क्रमांकाने फसली, आणि पकडलेल्या चुका. नाव, मोबाइल क्रमांक, रक्कम यांतलं काहीही त्यात लिहीत नाही.

‘माहिती’ पानावर ‘अहवाल पाठवा’ असं बटण आहे. ते फोनची शेअर करण्याची सोय उघडतं आणि वापरकर्ता व्हॉट्सॲपवर मला मजकूर पाठवतो. ‘कन्सोल उघडा’ हे कुणाला सांगता येत नाही, ‘ते निळं बटण दाबा’ हे साठीच्या काकांनाही सांगता येतं. घटना सर्व्हरवर आपोआप पाठवायच्या असतील तर ॲप मागे जातानाच्या ‘व्हिजिबिलिटी-चेंज’मध्ये ‘सेंड-बीकन’ वापरा. पान बंद होतानाच्या ‘अनलोड’वर भरवसा ठेवू नका, फोनवर ती घटना कित्येकदा घडतच नाही.

९. सुटकेचा वर्कर आधीच लिहून ठेवा

एखाद्या दिवशी सदोष वर्कर सगळ्या फोनांवर पोहोचेल. त्या वेळी सर्व्हरवरून वर्करची फाइल काढून टाकू नका. फाइल सापडली नाही म्हणून जुना वर्कर जाईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात अपडेट फसतं आणि सदोष वर्कर तसाच राहतो. त्याच नावाने, त्याच जागी दुसरी फाइल ठेवावी लागते. ती ‘इन्स्टॉल’मध्ये ‘स्किप-वेटिंग’ म्हणते, ‘ॲक्टिव्हेट’मध्ये सगळ्या कॅश पुसते, स्वतःची नोंदणी काढते आणि उघडी पानं एकदा ताजी करते. ‘इंडेक्स्ड-डीबी’ला ती हात लावत नाही, कारण न पाठवलेल्या नोंदी तिथेच असतात. ‘क्लिअर-साइट-डेटा’ या हेडरमध्ये ‘स्टोरेज’ दिलं तर त्या नोंदीही जातात, म्हणून मी तो या कामाला वापरत नाही.

ही फाइल गडबडीत लिहू नका. आज लिहा, चाचणीच्या पत्त्यावर मुद्दाम बिघडवलेला वर्कर चढवा, तो अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे आयकॉनवरून उघडू द्या, त्यात दोन नोंदी नेटवर्क बंद करून टाका आणि मग सुटकेची फाइल चढवून बघा. दोन्ही फोन पूर्ववत झाले आणि दोन्ही नोंदी सर्व्हरवर पोहोचल्या तर फाइल चालते. मी ती रिपॉझिटरीत वेगळ्या फोल्डरात ठेवली आहे, सोबत चढवण्याची आज्ञा एका ओळीत लिहून, म्हणजे पहाटे पावणेसहाला आठवायचं काही उरत नाही.